खान्देशाचे फोटो काढतोयस तर देश गावात कुठून शिरतो ते आधी बघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहाद्याकडचा एक मुलगा पुण्यात शिकतोय आणि दीड वर्षापासून खान्देशावर फोटो प्रोजेक्ट करतोय. विषय घेतलाय 'आपण भारतीय म्हणजे कोण आणि ते आपल्या भागातून कसं दिसतं'. सारंगखेड्याचा घोडेबाजार, काठीची होळी, कानबाईचा सण, रावेरच्या केळीच्या बागा, तोरणमाळ, सगळं काढून झालंय, चार हजारांवर फ्रेम जमल्यात, आणि तो लिहितो की ताई, फोटो बरे आलेत पण सगळे कॅलेंडरवरचे वाटतात, त्यातून काही सांगितलं जात नाही, माझं काय चुकतंय. सोबत बारा फोटो पाठवलेत.

भाऊ, बाराही फोटो मी आधी मोबाईलवर आणि मग दोन दिवसांनी लॅपटॉपवर नीट बघितले. फोकस, एक्स्पोजर, फ्रेमिंग यात तुझं अडत नाहीये, त्यावर वेळ घालवत नाही. तू प्रत्येक ठिकाणी घरून निघतानाच फोटो ठरवून निघालायस असं दिसतं. सारंगखेडा म्हणजे पुढचे दोन पाय उचललेला घोडा, काठी म्हणजे मोरपिसांचा टोप आणि मागे जाळ, केळी म्हणजे डोक्यावर घड घेतलेला मजूर आणि मागून येणारं ऊन. हे फोटो तुझ्या आधी शेकडो जणांनी काढलेत, आता तर होळीच्या रात्री काठीला बावा-बुध्यांच्या, म्हणजे तो टोप घालून नाचणाऱ्यांच्या, भोवती कॅमेरेवाल्यांचंच कडं असतं. त्या फोटोंमधे ते गाव नाहीये आणि तूही नाहीयेस.

मी धुळ्याची, 24 वर्षं झाली हे काम करतेय, पोटासाठी लग्नं-साखरपुडे आणि उरलेल्या वेळात हे. एवढ्या वर्षांत मला जे कळलं ते हे की देश असा सुटा फोटोत येत नाही. हातात झेंडा घेतलेलं पोरगं काढलं की देश आला असं होत नाही, ते फक्त झेंडा घेतलेलं पोरगं असतं. पण देश माणसाच्या रोजच्या जगण्यात कुठूनतरी शिरत असतो, एखाद्या खिडकीतून, मशीनमधून, रांगेतून, स्टेशनवरच्या पाटीतून, आणि तिथं त्या माणसाचं काहीतरी होतं, त्याला काही मिळतं किंवा त्याचं काही जातं किंवा तो नुसता ताटकळतो. ती जागा हुडकायची आणि तिथं पाय दुखेपर्यंत उभं राहायचं.

तुझ्याच जिल्ह्यातलं बघ. टेंभली. देशातला पहिला आधार नंबर 29 सप्टेंबर 2010 ला तिथं दिला गेला, मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी दोघं आले होते. तू प्रोजेक्टच्या नोटमधे 'राष्ट्रीय ओळख' हा शब्द सात वेळा लिहिलायस, मी मोजले, आणि ती ओळख 12 आकड्यांच्या रूपात देशात सगळ्यात आधी हातात पडली ती तुझ्या नंदुरबार जिल्ह्यातल्या एका आदिवासी गावात, आणि तुझ्या चार हजार फ्रेममधे टेंभली नाही. त्यातही आपल्या धंद्याच्या माणसाने विचार करावा असं म्हणजे ती ओळख कशाची बनलीये, तर बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं आणि एक फोटो. वेबकॅमवर काढलेला, मागे पांढरा पडदा. त्या फोटोत माणूस असतो पण जागा नसते, मागचं धाब्याचं घर, ओट्यावरची खाट, बांधलेली शेळी, सगळं कापून टाकलेलं. मला वाटतं आपलं काम तिथून सुरू होतं, त्या पांढऱ्या पडद्याच्या डावी-उजवीकडे जे होतं ते परत फोटोत आणायचं.

साक्री तालुक्यातल्या एका गावातलं रेशन दुकान मी तीन महिने काढलं, महिन्यातले माल वाटायचे तेवढे दिवस. पहिल्या महिन्यात माझे सगळे फोटो पोत्यांचे आणि रांगेचे आले, तुझ्यासारखेच, नीटनेटके आणि मुके. दुसऱ्या महिन्यात एक म्हातारी माझ्यासमोर मशीनवर अंगठा ठेवायला आली. तिचा अंगठा लागेना. एकदा, दोनदा. मग तिने अंगठा केसांतून फिरवला, तेलाचा हात लागावा म्हणून, लुगड्याच्या पदराला पुसला, परत ठेवला. दुकानदार म्हणाला 'माय, दाबी धर'. तिने एवढा दाबला की नखाखाली पांढरं पडलं. आयुष्यभर कापूस वेचून, कांदे खुरपून रेषाच राहिल्या नव्हत्या बोटावर. चौथ्यांदा मशीन बोललं आणि तिने अंगठा उचलून स्वतःच नीट बघितला, हा आपलाच आहे ना असा. त्या क्षणी मी जो फोटो काढला तो तांत्रिकदृष्ट्या बेकार आहे, वर ट्यूबलाईट आहे, अर्ध्या फ्रेमला तराजू आडवा आलाय. पण माझ्याकडे 'भारत आणि खान्देश' असं नाव देता येईल असा तो एकच फोटो आहे असं मी आजही म्हणते, आणि त्यात ना झेंडा आहे ना सातपुडा.

आता तुझ्या नोटमधे तू 'खान्देशी टाईप्स' असं एक सेक्शन ठेवलंय, भिल्ल, पावरा, लेवा पाटील, गुजर, प्रत्येकाचा एक पोर्ट्रेट. हे सेक्शन काढून टाक, मी विनंती करते. ही कल्पना तुला नवी वाटत असेल पण ती फार जुनी आहे. इंग्रजांनी 1868 ते 1875 मधे हिंदुस्थानातल्या जाती-जमातींच्या फोटोंचे आठ खंड काढले, 1857 नंतर राज्य करायचं तर रयत ओळखू आली पाहिजे म्हणून, वॉटसन आणि के ही संपादकांची नावं. त्यात माणूस उभा असतो तो जमातीचा नमुना म्हणून, खाली ही जमात शांत, ती जमात भांडखोर असं लिहिलेलं, बऱ्याच जणांचं नाव सुद्धा नाही. तू एका पावऱ्या माणसाला भिंतीसमोर उभा करून खाली 'पावरा' लिहिलंस तर दीडशे वर्षांनी तू तेच करतोयस, तुझ्या मनात प्रेम असलं तरी. जर्मनीत ऑगस्ट सँडर या फोटोग्राफरनेही लोक प्रकारवार काढले हे तू मला उत्तरात सांगशील. काढले, पण त्याच्या फोटोत बघ, वीटवाला मजूर आणि वकील दोघं सारख्याच ताठ मानेनं कॅमेऱ्याकडे बघतात, आणि 1929 मधे त्यातले 60 फोटो पुस्तकात आले तेव्हा ते नात्झींच्या 'शुद्ध जर्मन चेहरा' या कल्पनेत बसेनात, म्हणून 1936 मधे त्यांनी त्या पुस्तकाच्या प्लेट नष्ट केल्या. एका देशाचा चेहरा एकच असतो असं मानणाऱ्यांना ते फोटो खुपले. तुला टाईप करायचेच असतील तर निदान ते तरी त्याच्याकडून घे.

कॅप्शनच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं ते सांगते, कारण तुझ्या बारापैकी आठ फोटोंना कॅप्शनच नाहीये. खूप वर्षांपूर्वी चोपड्याकडे एका शेतात कापूस वेचणारी बाई काढली, ओटीत कापूस भरलेला, ऊन तोंडावर. नाव विचारलं नाही, घाईत होते. एका मासिकाला फोटो दिला आणि सोबत मीच लिहून दिलं 'आदिवासी शेतमजूर'. छापून आला. दोन महिन्यांनी तिच्या मुलाचा फोन. शेत तिचं स्वतःचं होतं. नवरा गेल्यावर भावकीशी भांडून तिने ते सात-बारावर लावून घेतलं होतं, आणि मी तिला तिच्याच शेतात मजूर करून टाकलं. मी त्यांच्या घरी गेले, चहा झाला, कोणी ओरडलं नाही, पण ती बाई शेवटपर्यंत माझ्याकडे न बघता बोलत होती. मासिकाने दुरुस्ती छापली नाही आणि मीही पुरेसा आग्रह धरला नाही, ते आजही खातं. पुढं अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगच्या 'मायग्रंट मदर' या 1936 च्या प्रसिद्ध फोटोतल्या आईबद्दल वाचलं की तिचं नाव 1978 पर्यंत जगाला माहीत नव्हतं, ती मूळ अमेरिकन चेरोकी घराण्यातली होती हेही कुणाला ठाऊक नव्हतं आणि सगळा देश तिला गोऱ्या गरीब शेतकऱ्याचं प्रतीक समजत होता, तेव्हा माझ्या डोळ्यापुढे चोपड्याचं ते शेत आलं. म्हणून आता माझा नियम आहे, आधी वही मग कॅमेरा. नाव (आणि ते छापलं तर चालेल का), गाव, तारीख, काय चाललंय, आणि माणसाचं एक वाक्य त्याच्याच बोलीत, अहिराणी तर अहिराणी, पावरी तर पावरी, शुद्ध करायचं नाही. आश्रमशाळेतल्या पोरांच्या बाबतीत तर आई-बाप आणि मुख्याध्यापक दोघांना विचारल्याशिवाय चेहरा काढूच नकोस.

जागेचं म्हणशील तर आधी हे बघ की खान्देश नावाची जागा सरकारी कागदावर कुठंच नाही. इंग्रजांचा खान्देश जिल्हा 1906 मधे पूर्व-पश्चिम असा तुटला, पुढं त्याचेच जळगाव आणि धुळे, आणि 1 जुलै 1998 ला धुळ्यातून तुझं नंदुरबार निघालं. फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर, ती आज मध्य प्रदेशात. आणि अर्धा खान्देश आज सुरतला उधना-लिंबायतमधे राहतो, तो तुझ्या प्रोजेक्टमधे धरलास का? नवापूर स्टेशन तुला माहितीच आहे, प्लॅटफॉर्मचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत, मधल्या बाकड्यावर रेघ, अनाउन्समेंट मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी चारही भाषांत. तू काढलंयस ते बाकडं, पाचवा फोटो, दोन मित्र दोन राज्यांत बसलेले. तो फोटो तिथं येणारा प्रत्येक प्रवासी काढतो. पण स्टेशन बांधलं तेव्हा ती रेघ नव्हतीच, 1 मे 1960 ला राज्यं वेगळी झाली आणि रेघ बाकड्यावर आली. तिथं तू सकाळी सात ते संध्याकाळी सात एक पूर्ण दिवस बस. भाजीची पाटी घेऊन येणारी बाई कुठल्या राज्यात बसते आणि का, सावली कुठल्या राज्यात आहे, दुपारी डबा उघडायला माणसं कुठं सरकतात हे बघ. माझी खात्री आहे की रेघेला काडीची किंमत न देता रेघेवर भाकरी खाणारा माणूस तुला मिळेल, आणि तो पाचव्या फोटोपेक्षा खूप काही सांगेल.

आणि अक्राणी-अक्कलकुव्याकडे उत्तरेला जाशील तर नर्मदेच्या काठी जागाच पाण्याखाली गेलीये. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, मणिबेली त्यातलं सगळ्यात आधीचं. तळोदा-शहादा तालुक्यांत वसाहती झाल्या, सरळ रेषेत आखलेले प्लॉट. तिथं जाऊन पाण्याचा सुंदर विस्तार काढू नकोस, ते बघताना फसायला होतं, निळं पाणी आणि मागे डोंगर. वसाहतीत जा आणि म्हाताऱ्यांना म्हण की तुमचं घर कसं होतं ते मातीत काडीने काढून दाखवा. दार कुठं, चूल कुठं, महूचं झाड कुठं. मग ते काढणारा हात आणि ती रेघोटी काढ. मी चार जणांकडून काढून घेतलं होतं, चौघांनीही घराच्या आधी नदी काढली.

कानबाईबद्दल. तुझे तीन फोटो आहेत, विसर्जनाचे, सोमवारचे, नदीवरचे. सुंदर आहेत पण खरी गोष्ट रविवारच्या आधी घरात झालेली असते. नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेताना घरातली पुरुषमाणसं मोजून माणशी सव्वा मूठ घेतात ना, आमच्या घरी माझी काकू मोजायची. मोठ्याने नावं घेत. सुरतला गेलेल्याची मूठ, पुण्याला असलेल्याची मूठ, सैन्यात जम्मूकडे असलेल्या चुलतभावाची मूठ, गेल्या वर्षी जन्मलेल्या पोराची मूठ. सुपात गव्हाचा ढीग वाढत जायचा आणि तेवढ्यात कळायचं की घर कुठं कुठं पसरलंय. बायकांची मूठ पडत नाही, हे मला लहानपणीही लागायचं आणि आजही लागतं, आणि तेही तुझ्या फोटोत यायला हवं, मूठ मोजणारा हात बाईचा आणि मोजणीत ती नाही. भावकी मोठी असेल तर सूप भरतं. घरातल्या उजेडात तो हात काढ. तुला घरात जाता येईल, तुझी आजी असेल, मावशी असेल, आधी विचार आणि मग बस कोपऱ्यात.

उजेडाबद्दल एक-दोन गोष्टी, कारण तू सगळं सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उन्हात काढलंयस. भुसावळ-जळगावचा मे महिना 45 अंशांच्या आसपास जातो, आपल्याकडे उजेड पांढरा असतो, डोळे बारीक करायला लावणारा, आणि बाजार दुपारी बारानंतर ओस पडतो. तो पांढरेपणा खान्देशाचा आहे, तो टाळलास तर फोटो कोकणातला वाटेल. भर दुपारी काढ, सावल्या काळ्या पडू दे. फक्त चेहरा सांभाळ. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि उन्हाने रापलेला चेहरा अशी फ्रेम असली की कॅमेरा टोपीला बघून सगळंच खाली ओढतो आणि चेहरा डांबर होतो. गालावर स्पॉट मीटरिंग कर, म्हणजे फक्त तेवढ्या जागेचा उजेड मोज, आणि मग एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी कर, नाहीतर कॅमेरा रापलेल्या कातडीला राखाडी समजून गोरं करून ठेवतो. घरी एडिटमधे पण तेच, लोकांना गोरं करू नकोस. लेन्स एकच वापर वर्षभर, 35 मिमी असेल तर 35, लांबून काढायची 70-200 घरी ठेव. लांबून काढलेले तुझे चारही फोटो बघताना समोरच्याला माहीतच नाहीये की तू तिथं आहेस असं जाणवतं.

प्रिंट परत द्यायचे, हे मी पर्याय म्हणून सांगत नाहीये. पोस्टकार्ड साईजचा प्रिंट काढ आणि लॅमिनेशन करून दे, आपल्याकडे लोकांना लॅमिनेशनच लागतं, चुलीचा धूर आणि पावसाळा दोन्हीत टिकतं. रेशन दुकानातल्या त्या म्हातारीला मी प्रिंट नेऊन दिला तर ती म्हणाली 'माले वाटनं तू बी सरकारनीच शे'. म्हणजे तोवर ती मला कुठल्यातरी खात्याची बाई समजून गप्प बसली होती. प्रिंट दिल्यावर ती बोलायला लागली, आणि बरेच चांगले फोटो त्यानंतरचे आहेत.

निवडीचं शेवटी. चार हजारांतून आत्ता लगेच 60 काढ, स्वस्त प्रिंट मार, जमिनीवर पसर आणि आठवडाभर तसेच राहू दे. रॉबर्ट फ्रँक 1955-56 मधे अमेरिकाभर गाडीने फिरला, 27 हजारांवर फ्रेम काढल्या आणि पुस्तकात ठेवले 83. तो स्विस होता, बाहेरचा, आर्कान्सामधे पोलिसांनी संशयावरून पकडून ठेवलं होतं त्याला. त्याच्या फोटोत झेंडा परत परत येतो, पण कुठं तो खिडकीत उभ्या असलेल्या बाईचा चेहरा झाकतो, कुठं तो फाटका आहे. झेंडा माणसाच्या संदर्भात कुठं येतो ते तो बघत होता. तुझ्याकडे 15 ऑगस्टचे पंचवीस फोटो आहेत, ते सगळे बाजूला ठेव आणि नंदुरबारला शिरीषकुमार स्मारकापाशी एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी जा. 9 सप्टेंबर 1942 ला तिथं शाळकरी पोरं गोळ्या खाऊन पडली, आणि 9 सप्टेंबरला तिथं सगळे कॅमेरे असतात. मंगळवारी तिथं कोण बसतं, कोण न बघता जातं, कोण चप्पल काढतं ते बघ.

तुझ्या बारांमधला नववा फोटो मात्र ठेव. सारंगखेडा, पहाटेची वेळ, घोडा फ्रेमच्या कडेला अर्धा कापला गेलाय म्हणून तू स्वतःच खाली लिहिलंयस 'रिजेक्ट'. मधे उत्तर प्रदेश पासिंगचा टेम्पो, फाळक्यावर गोधडी घेऊन बसलेला माणूस, एका हातात घोड्याचा दोर आणि दुसऱ्या हातात मोबाईल, व्हिडिओ कॉलवर एक लहान पोर, आणि तो मोबाईल तापीकडे फिरवून त्या पोराला नदी दाखवतोय. मागे आपला टपरीवाला त्याच्यासाठी चहा घेऊन थांबलाय, कॉल संपायची वाट बघत. तू घोडा बघत होतास म्हणून तुला हे दिसलं नाही, पण कॅमेऱ्यात आलंय. त्या माणसाचं नाव तुझ्याकडे नाहीये. दत्तजयंतीला बाजार परत भरेल, हे लोक बहुतेक दरवर्षी येतात आणि ठरलेल्या जागीच उतरतात. फोटोचे दोन प्रिंट लॅमिनेट करून ने, एक त्याला आणि एक टपरीवाल्याला, आणि पहिला दिवस कॅमेरा बॅगेतच राहू दे.